तांब्याच्या तारेची एलईडी माळ: कमी खर्चातल्या सजावटीसाठी एक परीक्षण

सणासाठी किंवा ऋतू पालटला म्हणून घर सजवायचे ठरले, की पैसा बहुधा वस्तूंवर जातो. पताका, झालरी, कृत्रिम फुले, लटकने अशी खरेदी होत राहते. त्यांतले बरेचसे एका प्रसंगापुरते वापरले जाते आणि पुढे माळ्यावर जागा अडवून बसते. ज्यांना खर्च आवरता ठेवायचा आहे त्यांनी पहिली खरेदी प्रकाशाची करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या खरेदीत बारीक तांब्याच्या तारेवरच्या एलईडी दिव्यांच्या माळेला मी सर्वांत वरचे स्थान देईन. ही माळ अनेक उत्पादक बनवतात, पण त्यांची बनावट इतकी सारखी असते की खोक्यावरचे नाव पाहण्यापेक्षा रंग, वीज आणि तार यांची पारख करणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यामुळे हे परीक्षण कोणत्याही एका नावाचे न ठेवता या संपूर्ण प्रकाराचे ठेवले आहे.

माळ हातात घेतल्यावर प्रथम जाणवतो तो तिचा हलकेपणा. शेजारीशेजारी जाणाऱ्या बारीक तारा, त्यांच्यावर नजरेला सहसा न जाणवणारा इनॅमलचा विद्युतरोधक थर, आणि साधारणपणे दर १० सेंटिमीटरवर एक अगदी चिमुकला दिवा, ज्याच्यावर पारदर्शक रेझिनचा थेंब सोडून तो बंदिस्त केलेला असतो, एवढीच तिची रचना. २ मीटरला २० दिवे, ५ मीटरला ५० आणि १० मीटरला १०० हे प्रमाण बहुतेक माळांत आढळते. दिवे सहसा समांतर जोडलेले असल्यामुळे एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. जुन्या बल्बच्या माळांमध्ये जोडणी एकसर असे आणि एका बल्बपायी सगळी माळ अंधारात जाई. मात्र या माळेचा सर्वांत मोठा गुण दिव्यांपेक्षा तिच्या तारेत आहे. जाड प्लास्टिकच्या आवरणाची माळ आपल्या मूळ वळणावर परत जाऊ पाहते, म्हणून तिला खिळे, चिकटपट्टी आणि दोरे लागतात. ही मऊ तार फांदीला, तसबिरीच्या कडेला किंवा बरणीच्या गळ्याला गुंडाळली, की दिलेल्या आकारात तिथेच राहते आणि भिंतीला एकही छिद्र पाडावे लागत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रंगाची निवड चुकली तर बाकी सर्व बरोबर असूनही सजावट फसते, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब सुमारे २७००, तर ढगाळ दुपारचा उजेड ६५०० च्या आसपास असतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळसर आणि उबदार. घराच्या सजावटीसाठी २७०० ते ३००० केल्विनची, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’ या नावाने मिळणारी माळ घ्यावी. ‘कूल व्हाइट’ माळ दुकानात अधिक लख्ख दिसते आणि त्यामुळेच अनेकांच्या पसंतीस उतरते, परंतु घरी आल्यावर तिच्या निळसर उजेडात लाकूड, सुकी पाने, इतकेच काय, माणसांचे चेहरेही निस्तेज दिसू लागतात. याचे कारण पांढऱ्या एलईडीच्या घडणीतच आहे. तो मुळात निळा असतो आणि त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन त्यातून पांढरा प्रकाश मिळवला जातो. थर कमी पडला की निळेपणा वरचढ ठरतो. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या या संशोधनाचे फळ आज इतक्या साध्या, स्वस्त वस्तूच्या रूपाने कोणाच्याही घरात पोहोचले आहे, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘वॉर्म’ असे लिहिलेल्या दोन माळा वेगवेगळ्या वेळी घेतल्या, तर शेजारीशेजारी लावल्यावर एक फिकट पिवळी आणि दुसरी नारिंगीकडे झुकलेली निघू शकते. एकाच खिडकीत किंवा एकाच फडताळावर लावायच्या माळा एकाच वेळी, एकाच साठ्यातून घेणे शहाणपणाचे. तारेच्या रंगाचाही विचार करावा, कारण दिवसा माळ बंद असते आणि तेव्हा दिसते ती तारच. लाकडावर तांबूस तार मिसळून जाते, पांढऱ्या भिंतीवर आणि काचेत चंदेरी तार कमी खुपते, तर झाडांच्या फांद्यांवर हिरवी तार उत्तम. रंगीबेरंगी माळ मुलांच्या खोलीत शोभते. इतरत्र ती मांडणीतल्या प्रत्येक वस्तूच्या रंगाशी भांडते.

आता विजेचा प्रश्न. ही माळ प्रामुख्याने तीन प्रकारांत मिळते: बटण सेलवर चालणारी, एए आकाराच्या पेन्सिल सेलवर चालणारी आणि यूएसबीवर चालणारी. बटण सेलची माळ सर्वांत स्वस्त असते आणि तिचा डबा नाण्याएवढा असल्याने तो बाटलीच्या बुचातही लपतो, पण त्या सेलची क्षमता इतकी थोडी असते की दोन-चार संध्याकाळींतच प्रकाश मलूल होतो. पेन्सिल सेलच्या माळेचा हिशेब सहज मांडता येतो. २० दिव्यांची माळ ६० मिलिअँपिअर वीज घेते असे समजू आणि चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरू. तर सुमारे ३३ तास मिळतात, म्हणजे रोज ६ तास लावल्यास पाच-साडेपाच दिवस. महिनाभर रोज लावायची असेल, तर तीन सेलचा डबा कितीदा भरावा लागेल याचा विचार केल्यावर लक्षात येते की स्वस्त माळेचा खरा खर्च तिच्या सेलमध्ये आहे आणि तो सहज माळेच्या किमतीच्या पुढे जातो. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरल्यास हा खर्च आटोक्यात येतो. त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट असल्यामुळे तीन सेल मिळून ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट मिळतात आणि माळ थोडी मंद जळते. पण अल्कलाइन सेलवर पहिल्या दिवशी झगझगीत आणि हळूहळू उतरत जाणाऱ्या प्रकाशापेक्षा हा मंद, बराच काळ एकसारखा टिकणारा प्रकाश मला अधिक आवडतो. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत, कारण दुबळा सेल आधी रिता होतो, तरी बाकीचे सेल त्याच्यातून वीज रेटत राहतात आणि तो गळू लागतो.

जिथे प्लग जवळ आहे तिथे यूएसबीची माळच घ्यावी, हे मी निःसंकोच सांगेन. ५ व्होल्टवर चालणारी १०० दिव्यांची माळ ५ वॉट घेते असे धरले आणि ती रोज ५ तास लावली, तरी महिन्याला पाऊण युनिट वीज लागते. जुने बल्ब आपल्याला मिळणाऱ्या विजेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी विजेचा प्रकाश करत आणि उरलेल्या विजेची उष्णता होई, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते. घरात पडून असलेला मोबाइलचा जुना, पण सुस्थितीतला चार्जर या कामी येतो. पॉवर बँकेवर माळ लावायचा विचार असेल तर आधी पडताळून पाहावे, कारण अनेक पॉवर बँका फार थोडी वीज ओढली गेली की फोन चार्ज झाला असे समजून आपोआप बंद होतात, आणि पाहुणे बसलेले असताना कोपरा एकाएकी अंधारतो. लांबीबाबतही मोह टाळावा. बारीक तारेत लांबीगणिक दाब कमी होत जातो, त्यामुळे १० मीटरच्या अनेक माळांची शेपटाकडची बाजू मंद दिसते. एका लांब माळेऐवजी ५ मीटरच्या दोन घेतल्यास प्रकाशही समान पडतो आणि पुढच्या वेळी त्या दोन वेगळ्या ठिकाणी लावण्याची मुभाही राहते.

रिमोट आणि आठ प्रकारची उघडझाप यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. लुकलुकणारी माळ पहिली पाच मिनिटे मजेशीर वाटते, त्यानंतर तिच्याजवळ बसून बोलणे अवघड होते. स्थिर प्रकाश आणि टायमर एवढे असले की पुरे. या माळांतला टायमर बहुधा ६ तास चालू आणि १८ तास बंद अशा चक्रावर चालतो आणि ते चक्र आपण कळ दाबली त्या क्षणापासून सुरू होते, म्हणून पहिल्या दिवशी संध्याकाळी जेव्हा उजेड हवा असेल त्याच वेळी कळ दाबावी. सेल बदलले की ही वेळ पुसली जाते. काही माळा वीज गेली की स्थिर प्रकाश सोडून पुन्हा उघडझापीवर येतात. घेण्यापूर्वी एकदा बंद करून चालू करून पाहिले तर हा दोष दुकानातच कळतो.

माळ कितीही चांगली असली तरी ती दिसते कशी, हे लावणाऱ्यावर अवलंबून असते. पहिली अट अशी, की डोक्यावरचा मोठा दिवा बंद करावा. ट्यूबच्या उजेडात ही माळ केविलवाणी दिसते आणि ‘एवढे पैसे उगाच घातले’ असे वाटते. मोठा दिवा मालवून काही मिनिटे डोळे सरावू दिले, की तीच माळ खोलीचा एक कोपरा व्यापून टाकते. खोलीत फिरण्यापुरता उजेड हवा असेल तर दूरच्या कोपऱ्यात एखादा उबदार रंगाचा टेबललॅम्प ठेवावा. दुसरी गोष्ट, दिवे उघडे ठेवण्यापेक्षा त्यांच्या उजेडाने उजळलेला पृष्ठभाग दिसेल अशी मांडणी करावी. फडताळाच्या मागच्या कडेला, पुस्तकांच्या ओळीमागे किंवा आरशाच्या पाठीमागे भिंतीपासून दोन-तीन बोटे अंतर ठेवून माळ सोडली, की भिंतीवर मऊ उजेड पसरतो आणि समोरच्या वस्तूंच्या कडा उठून दिसतात. पातळ पांढऱ्या पडद्यामागे ती उभ्या सरींनी सोडली तर पडद्याचा पोत दिसू लागतो. आरशासमोर ठेवली तर दिव्यांची संख्या फुकटात दुप्पट होते.

काचेची बरणी हा सर्वांत सोपा प्रयोग आहे, पण त्यातही हात बसावा लागतो. माळेचा गुंता करून तो बरणीत टाकला तर सारे दिवे तळाशी साचतात आणि वरचा भाग रिकामा राहतो. त्याऐवजी तार बरणीच्या तोंडातून जाईल इतक्या सैल वेटोळ्यांत बोटांभोवती गुंडाळावी, वेटोळे आत सोडावे आणि मग तारेचे वरचे टोक धरून हलकेच वर ओढावे. तार मऊ असल्यामुळे वेटोळी पसरत जातात, काचेच्या आतल्या बाजूला टेकतात आणि तिथेच स्थिरावतात. प्रत्येक दिव्याचे काचेत एखाद-दुसरे प्रतिबिंब पडते, त्यामुळे २० दिव्यांचीही बरणी भरलेली वाटते. दिव्यांचे टोकदार ठिपके डोळ्यांना बोचत असतील तर बरणीच्या आत ट्रेसिंग पेपरचा एक वळसा द्यावा. मग ठिपके विरघळून संपूर्ण बरणीच उजळते. सेलचा डबा बरणीच्या मागे ठेवून त्यावर एखादे पान किंवा कापड टाकले की काम झाले.

एकच माळ वर्षभर निरनिराळ्या रूपांत वापरता येते, आणि कमी खर्चाच्या दृष्टीने हीच तिची खरी किंमत आहे. थंडीत सुक्या फांद्या, लाकडाचे ओंडके, लोकरी कापड यांच्याबरोबर ती छान रमते. एखादी फाटे फुटलेली सुकी फांदी जड फुलदाणीत उभी करून बुंध्यापासून टोकाकडे तार गुंडाळत गेले, प्रत्येक फाट्यावर जाऊन परत खोडावर आले, आणि एक दिवा फांदीच्या पुढे तर एक मागे राहील असे पाहिले, तर मागच्या भिंतीवर फांद्यांच्या सावल्यांचे दुसरे झाड उमटते. पावसाळी दिवसांत हिरवी पाने आणि पाण्याने भरलेली काचेची भांडी तिच्याशेजारी ठेवावीत, पण माळ भांड्याबाहेरच राहू द्यावी. उन्हाळ्यात दिवे निम्म्याने कमी करावेत, कारण उकाड्यात दाटीवाटीची सजावट अंगावर येते. पांढरे कापड आणि एकच बरणी पुरते. घरात असलेल्याच वस्तू बदलत राहायच्या आणि प्रकाश तोच ठेवायचा, या पद्धतीने नव्या खरेदीची गरज फार थोडी उरते.

पर्यायांचा विचार केला तर कागदी सजावट याहून स्वस्त पडते आणि ती हाताने करण्याचा आनंद मोठा आहे, पण अंधार पडला की ती नाहीशी होते. दोन्ही एकत्र वापरणे सर्वांत चांगले. बॅटरीवरच्या मेणबत्त्या देखण्या असतात, परंतु त्या जिथे ठेवू तेवढ्याच जागी उजेड देतात. कृत्रिम फुलांवर धूळ बसते आणि ती वर्षागणिक फिकट होत जातात.

गच्चीत किंवा अंगणात लावायची असेल तर खोक्यावर आयपी क्रमांक पाहावा. त्यातला पहिला अंक धूळ व घन वस्तूंपासून आणि दुसरा पाण्यापासून असलेले संरक्षण सांगतो. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, आयपी ४४ ला उडणाऱ्या शिंतोड्यांची भीती नाही, आणि आयपी ६५ पाण्याच्या फवाऱ्यालाही तोंड देते. अनेकदा हा क्रमांक फक्त तारेचा असतो आणि सेलचा डबा किंवा चार्जर साधाच असतो, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारावी. डबा उभा, झाकण खाली येईल असा आणि आडोशाला ठेवावा.

सुरक्षिततेबाबत एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करणार नाही. घरात लहान मूल असेल तर बटण सेलची माळ आणूच नये, निदान डब्याला स्क्रू नसेल तर मुळीच नाही. सीआर २०३२ सारखा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या २ तासांत तिथे गंभीर इजा होऊ शकते. असा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठावे. यूएसबीच्या माळेत दिवे तापत नाहीत, तरी चार्जर कापडाखाली किंवा सुक्या पानांत दडपून ठेवू नये. माळ लांब झाली म्हणून मधून कापू नये, कारण उरलेल्या दिव्यांना पूर्वीपेक्षा अधिक वीज मिळून त्यांचे आयुष्य घटते आणि उघडी टोके एकमेकांना टेकली तर सेल तापतात.

टिकाऊपणा हा या माळेचा दुबळा भाग आहे. तांबे वारंवार एकाच जागी वाकवले की तिथे कडक होते आणि तुटते, आणि ही जागा बहुधा डब्यातून तार बाहेर येते तिथेच असते. तिथे चिकटपट्टीचा एक सैल वळसा दिला तर वाक एका बिंदूवर न येता पसरतो. तार तुटलीच तर तुटल्यापलीकडचे दिवे बंद पडतात. डबा बंद करून, सेल काढून, दोन्ही टोकांवरचे इनॅमल बारीक पॉलिश पेपरने खरवडून, जुळणाऱ्या तारा पिळून प्रत्येक जोड स्वतंत्र विद्युतरोधक पट्टीने झाकला, की माळ बहुतेक वेळा पुन्हा चालू होते.

सजावट उतरवल्यावर माळ मुठीत चुरगळून ठेवू नये. तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना खाचा करून, डब्यापासून सुरुवात करून ती सैल गुंडाळावी आणि शेवटचे टोक खाचेत अडकवावे, म्हणजे पुढच्या वेळी उलगडताना शेपटाकडून सहज सुटत येते. सेल मात्र आठवणीने बाहेर काढावेत. आत राहिलेला अल्कलाइन सेल गळला तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पडून डब्यातल्या पत्र्यांवर पांढरी खरपुडी धरते. हातमोजे घालून व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसली, नंतर ओल्या काडीने व्हिनेगर काढून डबा पूर्ण वाळू दिला, तर तो पुन्हा वापरता येतो.